दोन ग्रॅम जस्ताचा हिशेब द्या!



ओघळीवर गॅबियन बंधारा झाला, फीत कापली, पाटी लागली. पाटीवर खर्चाचा आकडा आहे, तारेवर जस्त किती ते नाही. दगड कुजत नाहीत, जाळी कुजते. ती तुटली की तेच दगड पुराबरोबर खालच्या वावरात येतात. ते वेचायला कोणतेही खाते येत नाही.

अंदाजपत्रकात 'गॅल्व्हनाइज्ड तार' एवढे लिहिले की साहेब मोकळे. पण जस्त किती? 2.7 मिलिमीटर तारेवर जड मुलामा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 245 ग्रॅम. आपल्या भाषेत, एक मीटर तारेचे वजन 45 ग्रॅम, त्यात जस्त 2 ग्रॅम. हलक्या मुलाम्याची तारही नवी असताना तेवढीच चकाकते, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

त्याहून चांगला मुलामा 95 टक्के जस्त आणि 5 टक्के ॲल्युमिनियमचा. तेवढ्याच वजनात तो साध्या जस्ताच्या सुमारे दुप्पट टिकतो, जाळीला पीळ देताना सहसा तडकतही नाही. महाग आहे म्हणतात. आहे थोडा! पण तारेत चार पैसे वाचवून दगड, मजुरी, वाहतूक सगळे पाण्यात घालायचे, हे कुठले अर्थशास्त्र?

जाळीत दगड भरण्यापूर्वी मोजून एक मीटर तार मागून घ्या. सराफाच्या काट्यावर तोला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुडवा. फसफस थांबली की धुऊन, पुसून पुन्हा तोला. जेवढी घट, तेवढा मुलामा. दोन ग्रॅम भरले नाहीत तर ट्रक आल्या वाटेने परत पाठवा.