सारस धानाच्या बांधीत राहतो. त्याच्या राखणीचा भार एकट्या शेतकऱ्यावर नको

गोंदिया-भंडाऱ्यातील शेतकरी आणि ढिवर बंधू-भगिनींनो,

महाराष्ट्रातले सारस पक्षी आता शंभराच्याही आत उरले आहेत आणि त्यातले बहुतेक गोंदिया जिल्ह्यात आहेत. याच भागातल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला २०१३ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पण जंगल राखून सारस वाचत नाही, कारण तो जंगलात राहतच नाही. पावसाळ्यात रोवणीच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला तो घरटे रचतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी ती महिनाभर आळीपाळीने उबवतात. एरवी तलाव-बोड्यांतले कंद, किडे, बेडूक हे त्याचे अन्न. ज्या ओलितावर आपले धान पिकते त्यावरच तो जगतो. म्हणून आमचे म्हणणे एकच: सारसासाठी नवे अभयारण्य नको, शेतकरी, ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्था, ग्रामसभा आणि सरकार यांचा लेखी करार हवा.

कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले मालगुजारी तलाव हा या कराराचा पाया आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची गावची घडी मोडली. पुढे गाद साचली, बेशरम हे तण माजले, देवधान आणि कमळ मागे हटले. त्याबरोबर मासळीही घटली आणि सारसाचे अन्नही. गाळ काढायलाच हवा. पण यंत्राने सगळा तलाव एकसारखा खोल केला तर उथळ कड संपते, आणि जीवन त्या कडेलाच असते. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर महिलांनी बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव सुधारण्याची खरी दिशा ती आहे.

‘सारस रोवणी तुडवतो’ ही तक्रार खोटी नाही. घरट्याला जागा थोडी लागते, पण एक-दीड एकरवाल्याला तेवढेही जड जाते. म्हणूनच नुकसानीची भरपाई आणि पिल्ले उडेपर्यंतच्या राखणीचा मोबदला त्याच हंगामात मिळाला पाहिजे. ‘उद्या जमिनीवर निर्बंध येतील’ ही भीतीही रास्त आहे. त्यासाठी करार ऐच्छिक आणि एका हंगामापुरता असावा, सातबाऱ्यावर त्याची नोंद नसावी. ‘माणसांची दाटी आणि सारस एकत्र नांदत नाहीत’ हे मात्र चूक आहे. देशातले सर्वाधिक सारस उत्तर प्रदेशात आहेत, तेही इटावा-मैनपुरीसारख्या दाट वस्तीच्या, कालव्याखालच्या शेतीत.

वीजतारांना धडकून सारस मरतात, त्याला शेतकरी जबाबदार नाही. घरट्यांच्या आणि तलावांच्या परिसरातील तारा भूमिगत करणे किंवा त्यांवर ठळक खुणा बसवणे हे वीज कंपनीचे काम आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. न्यायालय आदेश देईल, पण बांधीत उभे राहून घरटे गावालाच राखावे लागेल. तेव्हा येत्या रोवणीपूर्वी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा: घरट्याची राखण आम्ही करू, त्याभोवती फवारणी टाळू, तलावाची उथळ कड राखू, मोबदला, भरपाई आणि सुरक्षित तारा सरकारने द्याव्यात. हा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि उत्तर लेखी मागा.