पुढच्या ब्रेकची भीती

मैत्रिणींनो, स्कूटर शिकताना घरातलं कुणी ना कुणी बजावतंच, "पुढचा ब्रेक लावू नकोस हं, तोंडावर पडशील!" मग भाजीची पिशवी आणि मागे मूल घेऊन आपण वर्षानुवर्षं एकट्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवतो. सल्ला मायेचा खरा, पण अर्धाच बरोबर.

एस.टी.त उभ्या असताना ड्रायव्हरने ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो ना? गाडीचंही तसंच. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होऊन घसरू लागतं. म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढच्याच ब्रेकचं. पाडतो तो ब्रेक नव्हे, घाबरून मारलेला हिसका!

बिनगियरच्या स्कूटरला उजव्या हाताशी पुढचा ब्रेक असतो, डाव्या हाताशी मागचा. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस असतं. तरीही दोन्ही ब्रेक एकत्र लावायची सवय हवीच.

एखाद्या रविवारी सकाळी हेल्मेट घालून, पायात बूट चढवून, सामान आणि मूल घरी ठेवून सराव करा. जागा कोरड्या डांबराची, रहदारी नसलेली निवडा. मातीचं मैदान नको, तिथे चाक घसरतं. आधी ताशी १० किलोमीटर, मग २०, मग ३०. हँडल सरळ, नजर समोर. अॅक्सिलरेटर सोडा आणि ओला कपडा पिळावा तसे दोन्ही ब्रेक हळूहळू घट्ट करा. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं, तर तो ब्रेक लगेच सैल करा.

वळणावर ब्रेक दाबू नका, वेग वळणाआधीच कमी करा. वाळू, पहिल्या पावसाचा निसरडा रस्ता, गटाराचं लोखंडी झाकण इथे हात हलकाच ठेवा.

आणि हिशेब आपल्याला येतोच, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: ताशी ४० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेक लावायचं मनात येऊन हात दाबला जाईपर्यंत साधारण तेवढा वेळ लागतोच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पुढच्या रिक्षापासून अंतर ठेवायचं ते यासाठीच, बरं का!