जयंतीचें उद्यापन

जून महिन्याचा शेवटचा आठवडा आला कीं आमच्या करवीर नगरींत राजर्षि शाहू छत्रपतींच्या जयंतीची गडबड सुरू होते. दसरा चौकांतील पुतळ्यास हार पडतात, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, आणि २६ जून हा दिवस महाराष्ट्र सरकारनें सामाजिक न्याय दिन म्हणून ठरविलेला असल्यामुळें कचेऱ्यांतूनहि भाषणें होतात. २०२२ सालीं महाराजांच्या निधनास शंभर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां ६ मे रोजीं सारें कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभें राहिलें होतें. रिक्षावाले रिक्षा थांबवून उभे होते, भाजीवाल्या बायका तागडी खालीं ठेवून उभ्या होत्या. तें दृश्य आम्हीं रस्त्यावर उभें राहून पाहिलें आहे. पुढें दोनच वर्षांनीं, २०२४ सालीं, महाराजांच्या जन्मास दीडशें वर्षें झालीं, आणि पुन्हा एकवार सभासमारंभांचा हंगाम येऊन गेला.

यंदा जयंतीच्या आदल्या संध्याकाळीं आमच्या ओसरीवर एक विषय निघाला. आमचा पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, “काका, दर वर्षीं हार घालून आपण मोकळे होतों. त्यापेक्षां सरकारनें कायदा करून महाराजांच्या जयंतीसाठीं एक आयोगच कां नेमूं नये?” आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांनीं सुपारी कातरतां कातरतां उत्तर दिलें, “म्हणजे आणखी एक समिति! चार खुर्च्या, दोन मोटारी, आणि शेवटीं कपाटांत पडणारा एक अहवाल.”

दादांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. श्रीशिवछत्रपतींची जन्मतिथि ठरविण्यासाठीं १९६६ सालीं सरकारनें इतिहासपंडितांची समिति नेमली होती. पंडितांचें एकमत झालें नाहीं. वैशाख शुद्ध द्वितीया कीं फाल्गुन वद्य तृतीया, हा वाद चालूच राहिला. आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही मिति सरकारनें मान्य केली ती २००१ सालीं. मध्यंतरीं पस्तीस वर्षें गेलीं. आजहि कोणी तारखेनें जयंती करतो, कोणी तिथीनें. समितीचें नांव काढतांच दादांसारखा व्यवहारी मनुष्य हंसतो, त्याला हें कारण आहे.

तथापि पुतण्यानें सांगितलेली एक हकीकत आम्हांस विचार करण्याजोगी वाटली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९११ चा. त्यांच्या जन्मशताब्दीसाठीं तेथील विधिमंडळानें २००९ सालीं कायदा करून एक आयोग स्थापिला. रेगन एका पक्षाचे; आणि त्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष बराक ओबामा दुसऱ्या पक्षाचे! सही झाली तेव्हां रेगन यांच्या वृद्ध पत्नी शेजारीं उभ्या होत्या. आयोगाच्या सदस्यांस वेतन नव्हतें. आणि शताब्दी संपल्यावर आयोगानें अहवाल देऊन विसर्जित व्हावें, हेंहि कायद्यांतच लिहिलेलें होतें.

हें ऐकून आम्हांस आमच्या घरांतील व्रतांची आठवण झाली. आमच्या वाचक भगिनींना तर हें सांगावयास नकोच. कोणतेंहि व्रत घ्यावयाचें तर आधीं संकल्प सोडावा लागतो. देश, काल, आपलें नांव, गोत्र आणि हेतु हीं सर्व उच्चारून मगच पळींतील उदक सोडावयाचें. पुढें नियम पाळावयाचा, आणि ठरलेलीं वर्षें भरलीं कीं उद्यापन करावयाचें. उद्यापन केल्याशिवाय व्रताची सांगता होत नाहीं. आमच्याकडील समित्यांचा संकल्प मोठ्या थाटानें सुटतो. उद्यापन मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. म्हणून आयोग हवा कीं नको, या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, आयोग अवश्य हवा. पण तो व्रतासारखा हवा. काय करणार, कोण करणार आणि केव्हां संपविणार, हें पहिल्याच दिवशीं उच्चारलेलें असावें.

काय करणार, या प्रश्नास आमच्या नगरींत उदाहरण आहे. महाराजांची जन्मशताब्दी १९७४ सालीं झाली. त्या वेळचे मांडव, पताका आणि अध्यक्षांचीं भाषणें आज कोणास आठवतात? परंतु त्या निमित्तानें सरकारनें १९७६ सालीं काढलेला गौरवग्रंथ राहिला. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रांतून डॉ. विलास सांगवे यांच्या संपादनाखालीं महाराजांच्या कागदपत्रांचे खंड निघाले, तेहि राहिले. आज कोणास महाराजांविषयीं खरें कांहीं लिहावयाचें असेल, तर त्यास या ग्रंथांपाशींच यावें लागतें. साधी जन्मतारीख घ्या. कित्येक जुन्या पुस्तकांत ती २६ जुलै १८७४ अशी छापलेली आढळे. आतां २६ जून हीच मानली जाते. महाराजांच्याच बाबतींत तारखेचा एवढा घोळ होऊं शकतो, तर बाकीच्या गोष्टींचें काय सांगावें? आयोगाचें पहिलें काम पुतळे उभारण्याचें नव्हे. तें कागद जमविण्याचें, ताडून पाहण्याचें आणि छापण्याचें आहे.

आतां कोण करणार, हा दुसरा प्रश्न. येथें आम्हांस थोडें स्पष्ट लिहावें लागत आहे, आणि तें आमच्या घरासारख्या घरांतूनच वाचलें जाणार, हें जाणूनच आम्ही लिहीत आहों. ओबामांनीं रेगन यांच्या आयोगावर सही केली, तिचें मोल सही करणारा विरुद्ध पक्षाचा होता म्हणून. ज्यांना महाराजांनीं हात दिला, त्यांनीं महाराजांचा जयजयकार करावा हें स्वाभाविकच आहे. ज्या घरांनीं एके काळीं त्यांच्याकडे पाठ फिरविली, त्या घरांतील माणसेंहि त्या पंक्तीस बसलीं पाहिजेत. आणि त्यांनीं तेथें गोड बोलण्याऐवजीं खरें बोललें पाहिजे.

वेदोक्ताचें प्रकरण आमच्या पिढीपर्यंत घरोघरीं ठाऊक होतें, पण तें हलक्या आवाजांत बोललें जात असे. पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळीं महाराजांच्या उपाध्यायानें वेदोक्त मंत्रांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हटले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषास वेदमंत्रांचा अधिकार नाहीं, असा त्याचा अर्थ. महाराजांनीं या प्रश्नाच्या चौकशीसाठीं समिति नेमली, तिचा अभिप्राय १९०२ सालीं महाराजांच्या बाजूनें पडला. तरीहि राजोपाध्यायांनीं मानलें नाहीं, आणि त्यांचें वतन गेलें. पुण्याच्या केसरींतून टिळकांसारख्या पुरुषानेंहि महाराजांविरुद्ध लेखणी चालविली. उलट, महाराजांची बाजू उचलून धरणारे राजारामशास्त्री भागवत हेहि ब्राह्मणच होते आणि संस्कृताचे गाढे पंडित होते. म्हणजे शास्त्र कळण्याचा प्रश्न नव्हता. आपल्या ताटांतील दुसऱ्यास द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न होता.

त्याच १९०२ सालीं, २६ जुलै रोजीं, संस्थानच्या नोकरींत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. आमच्या समाजांत या हुकुमाबद्दल पुष्कळ कडवटपणा होता. परंतु आंकडे पाहावे. १८९४ सालीं महाराज गादीवर आले तेव्हां राज्यकारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. १९१२ सालीं ९५ जागांपैकीं ३५ होत्या. ज्याच्या घरीं साठ पोळ्या होत्या, त्यास पस्तीस उरल्यावर उपास पडला असें वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे. पण उरलेल्या सगळ्या गांवानें तोंवर काय खाल्लें, हें विचारण्याचें आमच्या वाडवडिलांपैकीं फार थोड्यांस सुचलें.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आमचा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलों, पाठशाळेंत संस्कृत पढलों, आणि तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केली. दर जयंतीस शाळेंत भाषण करण्याचें काम आमच्याकडे येई. वसतिगृहें, १९१७ सालचें सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण, मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड, खासबागेचें कुस्तीचें मैदान, भोगावतीवरील राधानगरीचें धरण. सगळें आम्ही रंगवून सांगत असूं. वेदोक्त आलें कीं “त्या काळीं कांहीं वाद झाले” एवढ्यावर उरकीत असूं. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, कसले वाद?” आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि पुढचा मुद्दा घेतला. तो मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्याचा चेहरा आम्हांस अद्याप आठवतो.

उत्तर आमच्या घरांतच होतें. माडीवरील पेटींत आमच्या पणजोबांची एक मोडी वही आहे. ते भिक्षुकी करीत. वहींत दक्षिणेचा जमाखर्च आहे. १९०२ सालच्या एका पानावर त्यांनीं लिहिलें आहे कीं, एका मराठे सरदाराच्या घरून वेदोक्त सांगण्यास बोलावणें आलें, आपण गेलों नाहीं. दक्षिणा बुडाली, धर्म राहिला. त्याच वहींत, सोळा वर्षांनंतरच्या एका पानावर, त्याच हातची दुसरी नोंद आहे. चिरंजीवास, म्हणजे आमच्या आजोबांस, खेड्यांतील नव्या सक्तीच्या शाळेंत मास्तरकीची जागा मिळाली. पहिल्या पगारांतील रुपया अंबाबाईपुढें ठेवला. ज्या राजास मंत्र नाकारले, त्यानेंच काढलेल्या शाळेच्या पगारावर आमचें घर उभें राहिलें. आजोबा मास्तर, वडील मास्तर, आणि आम्हीहि मास्तर.

ही वही सरकारी पुरालेखागारास द्यावी, असें आम्हीं त्या संध्याकाळीं ओसरीवर बोलून दाखविलें. दादांचा अडकित्ता थांबला. “आपल्याच पणजोबांचें उणें चव्हाट्यावर मांडायचें? ते आपल्या समजुतीप्रमाणें प्रामाणिकच होते,” ते म्हणाले. हें खरें होतें, आणि आम्हांस एकदम उत्तर सुचलें नाहीं. पणजोबांनीं लोभानें तसें केलें नव्हतें. बुडालेली दक्षिणा त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेविली होती.

बोलल्या त्या वहिनी. त्या आंत वाती वळीत बसल्या होत्या. “अहो, मामंजी सांगत असत कीं पणजोबा शेवटच्या दिवसांत ती वही उशाशीं घेऊन झोपत. त्यांना ती जाळायचीच असती, तर चूल कांहीं लांब नव्हती. त्यांनीं जें ठेवलें, तें आपण कां लपवायचें?”

दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग पुतण्यास म्हणाले, “आधीं सगळ्या पानांचीं छायाचित्रें घे. मूळ वही जाईल तेव्हां मीहि बरोबर येईन.”

आयोगाची आमची कल्पना एवढीच आहे. सरकारनें कायदा करावा, मुदत घालावी, आणि तीत सर्व समाजांची माणसें बसवावीं. आयोगानें गांवोगांव फिरून घरोघरच्या पेट्यांतील कागद मागून घ्यावे, मोडी वाचणाऱ्यांस योग्य वेतन देऊन ते वाचवून घ्यावे, जयघोष करणारे आणि निंदा करणारे दोन्ही कागद शेजारीं शेजारीं छापावे, ग्रंथ शाळाशाळांत पोंचवावे, आणि पैशाचा हिशेब लोकांपुढें ठेवून घरीं जावें. राधानगरीचें धरण महाराजांच्या हयातींत पुरें झालें नाहीं, पण काम नीट आंखलेलें असल्यामुळें पुढच्यांस तें पुरें करतां आलें. महाराजांच्या जन्मास दोनशें वर्षें २०७४ सालीं होतील. त्या वेळीं ओसरीवर आम्ही नसूं. परंतु मागच्या बाकावरील एखाद्या मुलानें उभें राहून “कसले वाद?” असें विचारलें, तर त्या वेळच्या मास्तरास घड्याळाकडे पाहण्याची वेळ येऊं नये.

सरकार आयोग नेमील तेव्हां नेमील. तोंवर आमच्या वाचकांनीं आपापल्या माडीवरील पेट्या उघडून पाहाव्या. वाळवी कोणत्याहि आयोगाची वाट पाहत नाहीं.