डेटवायलर पार्कचा विक्रम आणि आक्षेपकांची कैफियत

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पिओरिया शहरी डेटवायलर पार्क नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून त्या राज्यातील हायस्कुलांच्या क्रॉसकंट्री शर्यतींचा अखेरचा फैसला नोव्हेंबर महिन्यात तेथील गवतावर होत आला आहे. मार्ग तीन मैलांचा आणि बहुतांशी सपाट. १९७२ साली लेबनन या लहानशा गावच्या शाळेतला क्रेग व्हर्जिन नावाचा विद्यार्थी हा मार्ग १३ मिनिटे ५०.६ सेकंदांत धावून गेला. म्हणजे मैलाला सुमारे ४ मिनिटे ३७ सेकंद, आणि तेही कोठे न थांबता लागोपाठ तीन वेळा. ही नोंद ४७ वर्षे अबाधित राहिली. २०१९ साली हर्सी हायस्कूलच्या जॉश मेथनर याने ती मोडली, परंतु दोघांच्या वेळांतील अंतर पुरते एका सेकंदाचेही नव्हते.

शाळकरी वयाच्या मुलाने इतक्या जुन्या विक्रमाच्या पाठीमागे लागावे की लागू नये, असा प्रश्न क्रीडाशिक्षकांत आणि पालकांत वारंवार उपस्थित होतो, आणि ज्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही अशी विचारी माणसेही ‘लागू नये’ याच पक्षाला आपले मत देतात. त्यांचा पक्ष दुबळा नाही. म्हणूनच तो प्रथम यथावत् मांडून मग त्याचा परामर्श घेणे न्यायाचे होईल.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, क्रॉसकंट्रीत वेळेला प्रामाण्यच नाही. धावपट्टी सर्वत्र सारखी असते. रानातला मार्ग मात्र एका वर्षी कोरडा तर दुसऱ्या वर्षी चिखलाने भरलेला, एका वर्षी वारा पाठीशी तर दुसऱ्या वर्षी तोंडावर. आंतरराष्ट्रीय संघटनाही याच कारणास्तव क्रॉसकंट्रीचा जागतिक विक्रम म्हणून काही नोंदवीत नाही. मग शाळेच्या पोरांनी या मृगजळामागे का धावावे? या युक्तिवादात एक सूक्ष्म चूक आहे. संघटनेचा नियम भिन्नभिन्न मार्गांची परस्परांशी तुलना निषिद्ध ठरवतो, आणि ते योग्यच आहे. एका मार्गाची त्याच मार्गाशी तुलना करण्यास तो आड येत नाही. राहिली हवा. एखादा विक्रम दोनचार वर्षे टिकला तर तो त्या दिवशीच्या अनुकूल वाऱ्याचा प्रसाद होता असे म्हणण्यास जागा राहते. परंतु जो ४७ हिवाळे टिकला त्याच्याविषयी हे कसे म्हणता येईल? एवढ्या मुदतीत कोरडी जमीन, निवांत आकाश आणि धावण्यास योग्य असा गारवा हे सारे योग एकत्र जुळून आलेच नाहीत असे कोणी मानू शकेल काय? अनुकूल दिवस अनेक आले असले पाहिजेत, आणि धावणारेही सामान्य नव्हते. पुढे रिओ येथील २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवणारा इव्हान जेगर याच राज्यातील शाळेचा. शालेय वयातच चार मिनिटांच्या आत मैल धावलेला ल्यूकस वर्झ्बिकस याच राज्यातला. २०१३ पासून लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय क्रॉसकंट्री विजेतेपद राखणारा क्रिस डेरिकही येथलाच. अशांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि १९७२ ची नोंद जागची हलली नाही. काळ हा हवेतील उणे-अधिक आपोआप गाळून टाकतो, आणि म्हणूनच दीर्घायुषी विक्रमाला जे प्रामाण्य येते ते अल्पायुषी विक्रमाला येत नाही.

पादत्राणे बदलली, प्रशिक्षणाचे शास्त्र बदलले, सबब जुन्या-नव्याची तुलना व्यर्थ, हा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. अर्ध्या शतकाच्या सुधारणांचा सारा सरंजाम हाताशी असताना जर पदरात एक सेकंदही पूर्णपणे पडला नाही, तर ती १९७२ च्या धावेच्या मोलाची साक्षच समजली पाहिजे.

दुसरा मुद्दा संघाचा आहे, आणि तो मला अधिक आदरणीय वाटतो. शालेय क्रॉसकंट्री ही मूलतः संघांची शर्यत आहे. सात मुले धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवले जातात, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो. पहिला आलेला मुलगा दुसऱ्याच्या पुढे एका पावलाने असो की शंभर यार्डांनी असो, त्याचा गुण एकच. तेव्हा घड्याळाशी झगडणारा मुलगा संघाच्या पदरात काहीच टाकीत नाही, उलट सुरुवातीलाच अविचाराने वेग घेऊन शेवटी गळून पडला तर संघाचे नुकसान करतो, असे आक्षेपक म्हणतात. यातील उत्तरार्ध मी मान्य करतो. संघाचा क्रमांक ज्या मुलाच्या क्रमांकावर टांगलेला आहे त्याने त्या दिवशी विक्रमाचा विचार बाजूस ठेवावा, हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याच्या मागे पावलांचा आवाजही ऐकू येईनासा झाला आहे अशा मुलाची अवस्था आक्षेपकांनी लक्षात घेतलेली नाही. त्याचा एक गुण निश्चित झालेला असतो. त्याच्यासमोर कोणी उरलेले नसते. अशा वेळी त्याने पाय सैल सोडावेत आणि सहज जिंकल्याचे समाधान मानून घरी जावे, हेच त्याला शिकवायचे काय? आपल्या सामर्थ्याची पुरती झडती ज्याला कधी द्यावीच लागली नाही त्या मुलाच्या वाट्याला पदके येतील. परंतु शर्यत, खऱ्या अर्थाने शर्यत, त्याच्या वाट्याला आलीच नाही असे म्हणावे लागेल. जुना विक्रम हा अशा एकाकी धावपटूला लाभलेला प्रतिस्पर्धी आहे. तो डावपेच करीत नाही, कोपर मारीत नाही, पक्षपात करीत नाही, आणि १९७२ साली जितका वेगवान होता तितकाच आजही असतो.

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. वाढत्या वयाच्या शरीरावर आणि कोवळ्या मनावर हा पाठलाग अत्याचार करतो, असे पालक म्हणतात. अतिश्रमाने हाडांना बारीक चिरा पडतात. शरीर हलके राहावे म्हणून मुले, आणि विशेषतः मुली, पोटाला चिमटा घेतात. झोप उडते, अभ्यास सुटतो. हे सारे घडते, आणि ते नाकारणारा मनुष्य मुलांचा मित्र नव्हे. माझा वाद आहे तो या अपराधाचा आरोपी कोण याविषयी. विक्रम कोणाला फर्मान सोडीत नाही. फर्मान सोडतो तो महत्त्वाकांक्षी प्रशिक्षक. तगादा लावतो तो पालक. आणि मुदत घालून देते ती निवड-समिती किंवा शिष्यवृत्ती. क्रमांकासाठी धावणाऱ्या मुलाला एकच दिवस मिळतो, आणि त्या दिवशी चुकला तर त्याची संधी दुसऱ्याच्या हाती जाते. विक्रमासाठी धावणाऱ्याला असा धाक कोणाचाच नाही, कारण तो विक्रम पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो, पुढच्या वर्षीही तेथेच असतो, आणि आपल्या हयातीत साधला नाही तर धाकट्या भावासाठीही तेथेच राहतो. मुलाच्या दुखऱ्या नडगीला विश्रांती देण्याची सवड स्पर्धेच्या वेळापत्रकापेक्षा विक्रमाच्या पाठलागात अधिक आहे. ज्यांना मुलांची खरोखर चिंता आहे त्यांनी हुकूमत गाजवणाऱ्या वडीलधाऱ्यांना आवरावे. मुलाच्या स्वेच्छेने निवडलेल्या ध्येयावर बंदी घालू नये. खुद्द व्हर्जिन बालपणापासून मूत्रमार्गाच्या जन्मजात व्याधीने ग्रस्त होता. तोच मुलगा १९८० साली पॅरिसला आणि १९८१ साली माद्रिदला जागतिक क्रॉसकंट्री विजेता झाला. डेटवायलरच्या विक्रमामुळे तो जगज्जेता झाला असे मी म्हणत नाही. परंतु त्या विक्रमाने त्याची हानी झाली असे कोणालाच म्हणता येणार नाही.

येथवर खंडन झाले. परंतु केवळ हानी होत नाही एवढ्याने एखादी गोष्ट करणीय ठरत नाही, तेव्हा आता मंडनाकडे वळले पाहिजे.

व्हर्जिनच्याच चरित्रातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. डेटवायलरच्या धावेनंतर काही महिन्यांनी, १९७३ साली, त्याने उघड्या मैदानावरील दोन मैलांचा शालेय राष्ट्रीय विक्रम मोडला. तो विक्रम स्टीव्ह प्रीफाँटेनचा होता, १९६९ सालचा, ८ मिनिटे ४१.५ सेकंदांचा, व्हर्जिनची वेळ ८ मिनिटे ४०.९ सेकंद. ज्याचा पाठलाग पुढे ४७ वर्षे झाला तो स्वतःही पाठलाग करणाराच होता, आणि त्यालाही यश मिळाले ते सेकंदाच्या काही दशांशांनीच. जुन्या विक्रमांचा अंत बहुधा असाच होतो हे ध्यानात घ्यावे. धावणारा अज्ञात वेगाच्या मागे न लागता एका ज्ञात, कोणा माणसाने प्रत्यक्ष धावून दाखवलेल्या वेगाशी आपले पाऊल जुळवीत जातो, आणि जुळले की शेवटच्या काही यार्डांत केसभर पुढे सरकतो.

आणि पुढे सरकल्यावर काय होते याचा दाखला शोधायला मराठी वाचकाला इलिनॉयपर्यंत जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यावर प्रथम क्रॉसकंट्रीच धावला. पुढे तो स्टीपलचेसकडे वळला, आणि तेथे त्याच्यासमोर उभा होता गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. ३७ वर्षे तो कोणाच्याने हलला नव्हता. २०१८ साली भुवनेश्वरला साबळेने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली. येथेही फरक सेकंदाच्या आसपासच. परंतु त्यानंतर तोच मनुष्य आपलीच वेळ एकामागून एक कमी करीत २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत पोहोचला. ३७ वर्षांत सगळ्या देशाला जो एक सेकंद मिळाला नव्हता त्याच्या पाठोपाठ सहा वर्षांत एकट्याला जवळजवळ वीस सेकंद मिळाले. जुना विक्रम मुलांचे धैर्य खचवतो असे म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचे काय करायचे ते सांगावे. साबळेचे सामर्थ्य मुळातच असामान्य होते हे उघड आहे. परंतु त्या सामर्थ्याला सीमेची खूण दाखवणारा आणि ती ओलांडल्याची सनद देणारा तो जुना आकडाच होता.

आणखी एक लाभ आहे, आणि तो पदकात मोजता येत नाही. शाळेतील मुलाला इतिहास सहसा पुस्तकातून भेटतो. जुन्या मार्गावर जुन्या वेळेशी झुंजणाऱ्या मुलाला मात्र तो पायांखाली भेटतो; आपल्या आजोबांच्या पिढीतला कोणी आपल्याच वयाचा असताना याच वळणावर किती वेगाने गेला होता, हे त्याला धाप लागलेल्या छातीने कळते. पूर्वजांविषयीचा असा आदर कोणत्याही भाषणाने उत्पन्न होत नाही. ज्यांना तो विक्रम मोडता आला नाही त्यांच्याही वाट्याला हा आदर आलेला असतो, आणि त्यांची संख्या नेहमीच अधिक राहणार.

म्हणून शिक्षकांना आणि शाळांच्या चालकांना माझी विनंती आहे. ज्या शाळेच्या आसपास टेकडी, माळ किंवा नदीकाठ असेल तिने एक मार्ग नीट मोजून आखावा. इमारतीच्या किंवा समारंभाच्या सोयीसाठी तो वरचेवर बदलू नये. आणि बदलणे अपरिहार्यच झाले तर जुन्या मार्गाची नोंद बंद करून नव्याची स्वतंत्र सुरू करावी. दर वर्षीच्या वेळा दफ्तरात टिपून ठेवाव्यात, आणि सर्वांत कमी वेळ देणाऱ्या मुलामुलीचे नाव, सालासह, शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहावे. त्या नावाच्या मागे लागण्याची सक्ती कोणावरही करू नये, आणि जो आपण होऊन लागेल त्याला अडवू नये.