मांजरांना खायला घालता? मग अर्ध्यावर थांबू नका

संध्याकाळ झाली की गाडीच्या खालून, जिन्याच्या पायरीवरून, कचऱ्याच्या डब्यामागून पाच-सहा मांजरे जमतात आणि तुमच्या हातातल्या डब्याकडे बघत बसतात. तुम्ही रोज त्यांना खायला घालत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि "हा प्रकार ताबडतोब बंद करा" असा अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तुम्ही दिला असेल, तर तो तुमच्यासाठीही आहे.

माझे मत आधीच सांगतो. भटक्या मांजरांना खायला घालणे चूक नाही. पण नुसते खायला घालणे हे अर्धे काम आहे, आणि ते अर्धेच राहिले तर मांजरांचे, तुमचे आणि शेजाऱ्यांचेही नुकसान होते.

साधा हिशेब करा. मांजरीचे गाभणपण सुमारे नऊ आठवड्यांचे. एका वेताला तीन-चार पिल्ले सहज होतात. त्यातली मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तीही गाभण राहू शकते, आणि आई पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. वर्षाला दोन-तीन वेते म्हणजे काही विशेष नाही. आता यात रोजचे पोटभर अन्न घाला. तुम्ही दोन मांजरांपासून सुरुवात केलेली असते, दुसऱ्या दिवाळीपर्यंत दहा-बारा होतात. आणि त्यांच्यामागे न दिसलेली कितीतरी पिल्ले असतात: चाकाखाली गेलेली, कुत्र्यांनी मारलेली, डोळे चिकटून, जुलाब होऊन कोपऱ्यात मेलेली. ही पिल्ले जन्मालाच आली नसती तर बरे, असे कोणालाही वाटेल.

यावर उपाय एकच आहे, नसबंदी. पिंजऱ्यात पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जखम भरल्यावर होते तिथेच आणून सोडायचे. भूल असतानाच कानाचे टोक थोडे सरळ कापतात, त्यामुळे झालेले मांजर लांबूनही ओळखता येते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकाही हे काम प्राणिमित्र संस्थांच्या मदतीने करते. तुमच्या गावात तशी सोय नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

"त्यापेक्षा पोत्यात भरून मासळी बाजाराजवळ सोडून आलो तर?" हा प्रश्न मला दवाखान्यात विचारला गेला आहे, आणि विचारणारी माणसे दुष्ट नव्हती, वैतागलेली होती. पण जिथे अन्न आणि आडोसा आहे ती जागा रिकामी राहत नाही. महिन्या-दोन महिन्यांत नवी मांजरे येतात, तीही नसबंदी न झालेली. उलट, नसबंदी झालेली मांजरे त्याच जागी राहिली तर रात्रीचे रडणे, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि जिन्यातला तो उग्र वास बराच कमी होतो. अर्जात तक्रार नेमकी याचीच तर असते.

आता तुमच्या तब्येतीबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी खायला घालणाऱ्यांचीच वाटते.

कुत्रा चावला की माणूस धावत येतो. मांजर चावले की चार दिवसांनी, दुसऱ्याच कशासाठी आल्यावर, "हो, हाताला जरा लागलंय" म्हणून दाखवतो. मांजराचे दात दाभणासारखे असतात. वरून टाचणीएवढे भोक दिसते, पण जंतू खोल, बोटाच्या सांध्यापर्यंत पोचलेले असतात आणि वरची कातडी लगेच मिटते. म्हणूनच मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त वेळा पिकतो. कित्येकदा एका दिवसात हात लाल होऊन सुजतो, आणि मधुमेह असेल तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाऊ शकते.

आणि रेबीज. तो मांजरापासूनही होतो, हे अजून अनेकांना माहीत नसते. लक्षणे सुरू झाल्यावर त्यावर उपचार नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो जवळपास पूर्णपणे टाळता येतो. चावल्यावर किंवा रक्त येईल असे ओरखडल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावा, कारण पंधरा मिनिटे म्हणजे वाटते त्यापेक्षा फार जास्त वेळ असतो. हळद, चुना, मिरची पूड यातले काहीही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोबुलिनचे इंजेक्शनही लागते, त्याबद्दल स्वतःहून विचारा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही सांगा.

रोज मांजरे हाताळणाऱ्यांना मी चावण्याआधीच लस घ्यायला सांगतो. तीन डोस असतात, साधारण महिन्याभरात पूर्ण होतात. त्यानंतर कधी चावा बसलाच तर फक्त दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोबुलिन लागत नाही. तुम्ही मांजरांच्या खाण्यावर महिन्याला जेवढा खर्च करता, त्याच्या तुलनेत हा काही जड नाही.

गरोदर बायकांना मांजरांची फार भीती घातली जाते. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भाला घातक ठरू शकतो, हे खरे. पण मांजराच्या विष्ठेतून तो बहुधा आयुष्यात एकदाच, दोन-तीन आठवडे बाहेर पडतो, आणि पडल्यानंतरही संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. माणसाला तो अर्धकच्चे मांस, न धुतलेल्या भाज्या आणि मातीतूनही होतो. तेव्हा गरोदरपणात मांजराची घाण दुसऱ्या कोणाला काढू द्या, कुंड्यांत काम करताना हातमोजे घाला, कोशिंबिरीच्या भाज्या नीट धुवा. सुनेला दिवस गेले म्हणून मांजर घालवण्याची गरज नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्या: खेळायचा वाळूचा खड्डा रात्री ताडपत्रीने झाका, कारण मांजरे तिथेच जातात आणि वाळूतून जंतांच्या अळ्या मुलांच्या अंगात शिरतात.

खाण्याबद्दल थोडेसे. दूध देऊ नका. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही, जुलाब होतात, आणि ते साफ करावे लागते वॉचमनला. शिजवलेले चिकन किंवा मासे, कांदा-लसूण न घालता, आणि स्वच्छ पाणी पुरेसे आहे. वेळ ठरलेली असावी. अर्ध्या तासात ताटली उचलायची, सांडलेले पुसायचे. उरलेले अन्न रात्री उंदीर खातात, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस पसरतो हे मुंबई-कोकणच्या लोकांना सांगायला नको. आणि आजारी मांजराला आपल्या औषधाच्या डब्यातले काही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

माझ्याकडे एक आजी येतात. मुलगा परदेशात, नवरा गेलेला. रोज सात मांजरांना भात-मासे घालतात, आणि त्यासाठी तीन जिने उतरतात-चढतात. सोसायटीने बंदी घातली तेव्हा त्यांचे रक्तदाबाचे आकडे बिघडले, आणि गोळी वाढवण्याने तो प्रश्न सुटणारा नव्हता. अशा माणसाला "मांजरे सोडा" असे सांगणारा डॉक्टर मला पटत नाही. पण आजींना पिंजरा लावणे, रिक्षातून मांजर नेणे, ऑपरेशननंतर दोन दिवस सांभाळणे झेपणार नाही. ते इमारतीतल्या तरुणांनी करायचे.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, जे मुख्यतः कुत्र्यांसाठी आहेत, परिसरातल्या बेवारस प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करणे ही रहिवासी संघाचीही जबाबदारी मानली आहे. जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर हवी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे पार्किंगच्या मागच्या भिंतीजवळची एक जागा ठरवणे हे दोन्ही बाजूंना जमण्यासारखे आहे. पुढच्या सभेत "मांजरे हवीत की नकोत" हा विषय घेऊ नका, त्यावर रात्री अकरापर्यंत भांडण चालते. त्याऐवजी कागदावर लिहून न्या: एकूण मांजरे किती, त्यात माद्या किती, कान कापलेल्या किती, आणि उरलेल्यांच्या ऑपरेशनला खर्च किती. सुरुवात माद्यांपासून करा.