वडिलांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर

सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा गावच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांच्या वडिलांची फियाट वर्षानुवर्षं कव्हरखाली उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. भंगारवाला अधूनमधून चौकशी करून जातो. सोसायटीची नोटीस येते. घरात कुणीतरी 'काढून टाका एकदाची' म्हणतं, आणि वडील असतील तर विषय बदलतात. ही गाडी कापायला देण्याआधी थोडं थांबा. आणि उत्साहाच्या भरात ती टो करून थेट रंगाच्या गॅरेजला नेणार असाल, तर त्याआधीही थांबा.

आधी हे लक्षात घ्या की तुमच्याकडे असलेली वस्तू कुर्ल्यात बनलेली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथे आधी अमेरिकी गाड्या जोडल्या गेल्या आणि 1950च्या दशकात इटलीची फियाट 1100 आली. सुरुवातीची गोल पाठीची फियाट मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणून प्रेमाने मिरवली. 1964च्या सुमारास चौकोनी अंगाची डिलाइट आली आणि 1970च्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. 2000च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023मध्ये संपली, तेव्हा लोक तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायला गेले होते. ज्या काळात तुमच्या वडिलांनी ही गाडी घेतली, त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आणि ही गाडी नुसती घरगुती होती असंही नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा इंजिन सुधारून घेतलेल्या फियाटी तिथे जोरात पळत. 1089 सीसीचं छोटं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि वळणावर विश्वास देणारी बांधणी यांमुळे ती गाडी चालवायला आवडणाऱ्या माणसाची गाडी होती.

या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जवळपास प्रत्येक भाग पान्याने उघडतो आणि पान्याने बसतो. म्हणून वीस वर्षं उभी असलेली फियाटही पुन्हा चालू शकते. तरीही यातली बरीच कामं अर्धवट राहतात, आणि त्यामागे पैशाइतकंच चुकीच्या क्रमाचं कारण असतं. लोक रंगापासून सुरुवात करतात. गाडी पूर्ण खोलली जाते, दरवाजे एकीकडे, काचा दुसरीकडे, इंजिन तिसऱ्याच माणसाकडे. सहा महिन्यांनी गॅरेजवाल्याची जागा बदलते, नटबोल्टचे डबे हरवतात आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत पडून राहते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडी संपूर्ण खोलू नका. ती एकसंध राहू द्या, आणि एका वेळी एकच काम हाती घेऊन ते पुरं करा. रंग सगळ्यात शेवटी.

सुरुवात कागदांपासून करा. कपाटातलं आरसी बुक काढा आणि त्यावरचे चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी पडताळा. मधल्या काळात कधी इंजिन बदललं असेल आणि ते बुकात चढवलं नसेल, तर ती गोष्ट आत्ता कळलेली बरी. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, तो पुढे लागतो. पंधरा वर्षांनंतर खासगी पेट्रोल गाडी बंदच होते, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राचा आहे. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेल्या खासगी गाडीच्या नोंदणीचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्यासाठी पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नव्या प्रकारची उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. 'एमएच' यायच्या आधीच्या, 'एमएमसी'सारख्या नंबरांच्या गाड्यांची माहिती कधीकधी संगणकावर चढलेलीच नसते. तेव्हा आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ धरूनच चला.

वडील हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 भरावा लागतो. मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवावं आणि तीन महिन्यांत अर्ज करावा, असा नियम आहे. बऱ्याच घरांत हे राहून जातं. राहून गेलं असेल तर आता करा, पण भावंडांशी बोलून आणि त्यांची लेखी संमती घेऊन. गाडीवर लाखभर रुपये घातल्यानंतर 'ती माझीपण आहे' हे वाक्य ऐकायला फार कडू लागतं.

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील, तर 2021च्या नियमाप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्याने नोंदणी करायची असेल तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर नेता येते. आईला रविवारी देवळात न्यायचं असेल, तर या वाटेला जाऊ नका. साधी नोंदणी जिवंत ठेवा.

आता गाडीकडे. बॉनेट उघडल्याबरोबर नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. धक्का मारून सुरू करायचा मोह त्याहून जास्त आवरा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, रिंगा गंजून चिकटलेल्या असतात, आणि जोर लावला की रिंगा तुटतात किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवून बघा. फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं भरा, फिल्टर बदला, आणि प्लग न लावताच सेल्फने इंजिन फिरवा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला की ऑइल वरपर्यंत पोचलं. प्लग त्यानंतरच लावायचे. नाही फिरलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. इथे घाई करणाऱ्याचा खर्च दुप्पट होतो.

हेड खोलायची वेळ आलीच तर मिस्त्रीला आधी सांगा की या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. नुसतं नळाचं पाणी घालून चालवलेल्या गाड्यांत हे हेड आतून खाल्लं गेलेलं असतं आणि स्टडला घट्ट धरून बसलेलं असतं. छिन्नी मारून ते उचकटायचं नाही. पुढे मात्र रेडिएटरमध्ये कूलंटच घाला, पाणी नको.

पेट्रोलचं काय? टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नसतं. त्याचा चिकट थर टाकीच्या तळाशी आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. टाकी उतरवून स्वच्छ करून घ्या, कार्बोरेटर खोलून धुवा आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टाकीऐवजी छोट्या कॅनमधून ताजं पेट्रोल द्या. आणखी एक मोठा बदल तुमच्या वडिलांच्या काळात नव्हता. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा यांना ते मानवत नाही. रबर मऊ होतं, चिरा पडतात, थेंब गळू लागतात. इथेनॉल हवेतली ओलही धरतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, कितीही चांगल्या दिसल्या तरी, इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. आणि गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

याच्याच जोडीला वायरिंग बघा. उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात. गळणारं पेट्रोल आणि उघडी वायर एकत्र आली की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. आग विझवायचा छोटा सिलिंडर पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा.

आणि आता ज्या भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तो म्हणजे ब्रेक. इंजिन सुरू झालं की घरात आनंदीआनंद होतो. मुलं आत बसतात आणि कुणीतरी म्हणतं, गेटपर्यंत तरी नेऊ या. नेऊ नका. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते एकाच ब्रेक ऑइलवर चालतात. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं हवेतली ओल शोषत राहतं, आणि आतल्या आत व्हील सिलिंडर गंजतात. पॅडल दाबलं तर पहिल्यांदा बरं वाटेल, दुसऱ्यांदाही वाटेल, आणि तिसऱ्यांदा जुना वॉशर फाटून पॅडल तळाला जाईल. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडा. आतून खड्डे पडले असतील तर नुसतं किट बदलून भागत नाही, सिलिंडर नवे घाला. रबराचे होज पाइप बदला, गंजलेल्या लोखंडी नळ्या बदला, नवं ऑइल भरून हवा काढा. खरं तर हे काम इंजिन सुरू करायच्या आधीच उरकायला हवं. जी गाडी थांबवता येत नाही, ती सुरू करून उपयोग नाही. ब्रेकमध्ये पैसे वाचवायला सांगणारा मिस्त्री बदला.

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत आहे म्हणून जुने टायर ठेवू नका. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. शिक्का 2000च्या आधीचा असेल तर तो तीनच आकड्यांचा दिसेल, आणि तेवढ्यावरूनच उत्तर मिळालं.

पत्र्याबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडी खालून सडते. गालिचा उचलून पायाखालचा पत्रा बघा, डिकीतला पत्रा बघा, दारांच्या खालच्या पट्ट्या अंगठ्याने दाबून बघा. सडलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करून घ्या. पुट्टीने भरलेलं भोक पुढच्या पावसाळ्यात परत उघडतं. हे काम नीट झालं की रंग जुनाच राहिला तरी चालेल. थोडा उडालेला मूळ रंग मला तरी नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त आवडतो.

भागांची चिंता करू नका. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा बाजार अजून पिशवी घेऊन फिरण्यासारखे आहेत. जुना भाग हातात घेऊन जा, फोनवर नाव सांगून मागवू नका. मिळालं तर एकाऐवजी दोन घ्या. हिशेब मात्र सुरुवातीलाच स्पष्ट ठेवा. गाडीवर घातलेले पैसे ती विकून परत येतील असं समजू नका. वर्षाला किती खर्च झेपेल ते घरात बसून ठरवा आणि त्या रकमेत जे काम बसेल तेवढंच त्या वर्षी करा. दोन-तीन वर्षं लागली तरी हरकत नाही.

वडील हयात असतील तर त्यांना या कामात बरोबर घ्या, आणि ते आजच सुरू करा. चोक किती ओढायचा, कुठला गिअर अडतो, घाटात इंजिन तापलं की ते काय करायचे, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आईलाही विचारा. पहिल्या लांबच्या प्रवासात गाडी कुठे बंद पडली होती, हे तिच्याच जास्त लक्षात असतं. गाडी मुलाने करायची आणि मुलीने मागे बसायचं, असंही काही नाही. ब्रेकचं किट बदलायला जे लागतं ते म्हणजे धीर आणि स्वच्छ हात, आणि ते कुणाकडेही असू शकतं.

काहींना हे सगळं जमणार नाही. जागा नाही, पैसा नाही, परगावी नोकरी आहे. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण मग गाडी सडू देऊ नका. तुमच्या शहरात जुन्या गाड्या सांभाळणारी माणसं आहेत, त्यांना ती कागदांसकट द्या आणि नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नका. तुमच्या नावावर राहिलेली गाडी पुढे कुठे काय करेल, याची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते. ती अगदीच गेली असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि तिथलं प्रमाणपत्र घ्या. तेही करण्याआधी तिचे दिवे, मीटर, काचा, दरवाज्यांच्या मुठी कुणा फियाटवाल्याला लागतात का ते विचारा.

आणि ज्यांना जमणार आहे त्यांच्याकडे एक मागणं आहे. या गाड्या ज्यांच्या हातून गेल्या, ते मिस्त्री आता साठी-सत्तरीला आले आहेत. पॉइंटचं अंतर नजरेने ओळखणारी, कानाने टायमिंग लावणारी ही माणसं कामाअभावी गॅरेज बंद करत आहेत. तुमची फियाट अशाच एखाद्या मिस्त्रीकडे न्या. मजुरीत घासाघीस करू नका. आणि काम सुरू असताना आयटीआयमध्ये शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी त्यांच्या हाताखाली उभी राहील अशी व्यवस्था करा, तिला रोजचे पैसे तुम्ही द्या.