जळक्या तेलाला शब्द, सरकीला ठेंगा



मुंबईत घोडपदेवला न्यू हिंद मिल होती. तिच्या जागी आता गिरणी कामगारांच्या इमारती आहेत. मिल गेली, कापूस गेला. वड्याची कढई तेवढी राहिली. तिच्यातले काळेभोर तेल परवा आम्ही पाहिले. (वडाही खाल्ला, खोटे कशाला बोला!)

हे तेल आता टाकाऊ नाही. गाळून, पाणी काढून दहा भाग तेलात एक भाग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवले की जवळपास दहा भाग बायोडिझेल आणि एक भाग ग्लिसरीन निघते. ग्लिसरीन साबणाला, औषधांना लागते. १० ऑगस्ट २०१९ला सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीची योजना काढली. भाव पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, मग ५२.७०, मग ५४.५०. कारखानदाराने भांडवल घालावे म्हणून तीन वर्षांचा भाव आधीच सांगितला. आमची हरकत नाही.

पण सरकीचे काय? क्विंटलभर कापसात साठ-पासष्ट किलो सरकीच असते. तेल उतरले की सरकी उतरते, सरकी उतरली की कापूस. आणि ३० मे २०२५ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलांवरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणले!

तळून झालेल्या तेलाला तीन वर्षांचा शब्द. आमच्या तेलाला एका हंगामाचा तरी द्या. पेरणीपासून वेचणी संपेपर्यंत शुल्क हलवायचे नाही, असा ठराव आम्ही या बैठकीत मांडत आहोत.